मागच्या सीटवरचे सर

त्या गुरुवारी दुपारी सर स्टाफरूमच्या कोपऱ्यातल्या टेबलावर चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासायला बसले, तेव्हा आज काही नवीन वाचायला मिळेल अशी त्यांची मुळीच अपेक्षा नव्हती. बावीस वर्षं ते मानसशास्त्र शिकवत होते आणि बावीस वर्षं हा प्रश्न चाचणीत ठरलेला होता: व्यक्तिमत्त्वाचे तीन घटक उदाहरणासह स्पष्ट करा. उत्तरही ठरलेलं. सरांच्या नोट्समधला एक भुकेला माणूस बेकरीच्या काचेसमोर उभा असायचा. त्याच्यातला 'इदम्' म्हणायचा, फोड काच, उचल पाव. 'पराहम्' म्हणायचा, चोरी करणं वाईट. आणि 'अहम्' दोघांची समजूत घालून त्याला रांगेत उभा करायचा. पोरं हे सगळं पाठ करायची आणि जसंच्या तसं परत आणून द्यायची. एका वर्षी कुणीतरी घाईघाईत 'बेकरी'ऐवजी 'बकरी' लिहिलं आणि तो भुकेला माणूस बकरीच्या काचेसमोर उभा राहिला होता, एवढीच काय ती विविधता.

पहिल्या आठ उत्तरपत्रिकांत माणूस बेकरीसमोरच होता. नवव्या उत्तरपत्रिकेत तो गाडी चालवत होता.

'समजा, एक शिकाऊ माणूस गाडी चालवतो आहे,' असं एका मुलीने लिहिलं होतं. 'त्याच्या उजव्या पायाला फक्त पुढे जायचं आहे. समोर म्हातारी रस्ता ओलांडते आहे की सिग्नल लाल आहे, याच्याशी पायाला काही देणंघेणं नाही. हा इदम्. डोक्यात एक आवाज सारखा म्हणतो आहे, चुकशील, हसं होईल, तुला जमणार नाही. हा पराहम्. आणि स्टिअरिंग घट्ट धरून, आरशात बघत, घामाने थबथबलेला जो कोणी या दोघांचं ऐकत ऐकत गाडी घरापर्यंत नेतो, तो अहम्.'

सरांनी पेन खाली ठेवलं. उत्तर पुन्हा वाचलं. अहम् घामाघूम झालेला असतो, हे त्यांनी बावीस वर्षांत एकदाही वर्गात सांगितलं नव्हतं. आणि ते खरं होतं.

त्यांनी गठ्ठा भराभर चाळला. चाळीसपैकी अकरा जणांनी गाडीच चालवली होती. त्यांतली शेवटची उत्तरपत्रिका त्यांच्या स्वतःच्या मुलीची होती. ती त्यांच्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर बसायची. तिचं अक्षर बघताच सगळं त्यांच्या ध्यानात आलं आणि छातीत काहीतरी आंबट आंबट वर आलं.

मुलगी गेला महिनाभर गाडी शिकत होती. तिच्या मैत्रिणीही शिकत होत्या. आणि त्यांना शिकवणारा होता सरांचा मेव्हणा.

या मेव्हण्याला गावभर 'उस्ताद' म्हणत. त्याची बहीण, म्हणजे सरांची बायको, त्याला चाळिशीतही 'छोट्या' म्हणे. सरांच्या लग्नानंतर दोन वर्षं तो त्यांच्याकडेच राहिला होता, कॉलेज शिकायला. सर त्याला रोज संध्याकाळी समोर बसवून शिकवत आणि तो रोज संध्याकाळी समोर बसून पेंगे. शेवटी दोनदा नापास होऊन त्याने कॉलेजला रामराम ठोकला आणि कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जाऊन गाड्यांखाली शिरला. 'वाया गेलं पोरगं,' असं तेव्हा सर म्हणाले होते, आणि खरं सांगायचं तर म्हणताना त्यांना बरं वाटलं होतं. आता त्याच्याकडे दोन पांढऱ्या गाड्या होत्या, दोन्हींवर लाल अक्षरात ड्रायव्हिंग स्कूलची पाटी होती, आणि बाजारातून चालत निघाला की दर दहा पावलांवर कुणी ना कुणी त्याला थांबवायचं. डॉक्टरीणबाई, पोस्टातले कारकून, भाजीवाल्याची सून, सगळे त्याचे शिष्य. सर त्याच बाजारातून बावीस वर्षं चालत होते. त्यांना पोरं लांबून बघून गल्ली बदलत.

आणखी एक गोष्ट होती, पण ती सरांनी कधी कुणाला सांगितली नसती. त्यांची मुलगी बोलायला लागली तेव्हा पहिल्यांदा 'मामा' म्हणाली. सगळीच पोरं असलं काहीतरी म्हणतात, ओठ मिटले की म आपोआप येतो, हे सरांना शास्त्रासकट माहीत होतं. तरी ती म्हणाली आणि तो गॅरेजमधून आलेला काळ्याकुट्ट हातांचा पोरगा आनंदाने खोलीभर नाचला, ते चित्र एकोणीस वर्षांनंतरही त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

संध्याकाळी चहा पिताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, ते गाडीचं उदाहरण कुठून काढलंस?"

मुलीचा चेहरा उजळला. "आवडलं? मामाचं आहे! अहो बाबा, मज्जाच झाली. मी सिग्नलला थांबले होते ना, तर तो म्हणाला, परीक्षा जवळ आलीय तर वाच तुझ्या नोट्स मोठ्याने, मी लक्ष ठेवतो. मी वाचलं. तर म्हणे, हे तिघं? यांना तर मी रोज गाडीत बसवतो!"

"छोट्या पहिल्यापासून हुशारच," बायको कपात चहा ओतता ओतता म्हणाली. "फक्त पुस्तकाशी वाकडं."

"हुशार कसला," सर म्हणाले. "दोनदा नापास झालाय तो याच विषयात."

"ते तुम्ही शिकवलं होतं म्हणून," बायको हसत म्हणाली. तिचा हेतू फक्त गमतीचा होता. मुलगीही हसली. सरही हसले, पण त्यांचा चहा तसाच राहिला आणि त्याच्यावर साय धरली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अकरा उत्तरपत्रिका बाजूला काढल्या आणि प्रत्येकीला दहापैकी चार गुण दिले. खाली लाल शाईने लिहिलं: 'उदाहरण पाठ्यक्रमाबाहेरचं.' लिहिताना त्यांचा हात जराही अडखळला नाही. उलट एक प्रकारचं समाधान वाटलं. शिस्त म्हणून काही असते की नाही? उद्या पोरं न्हाव्याकडून ऐकून रसायनशास्त्र लिहितील. आपल्या मुलीलाही आपण सोडलं नाही, याचा तर त्यांना अभिमानच वाटला.

शनिवारी उत्तरपत्रिका वाटल्या. मुलीने आपली उघडली, आकडा बघितला, घडी घातली आणि वहीत ठेवून दिली. घरी ती एक अक्षर बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं.

आता इथपर्यंत सगळं निभावलं असतं. पण सोमवारी प्राचार्यबाईंनी सरांना आपल्या खोलीत बोलावलं. बाई चौपन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या होत्या. नवरा गेल्यावर स्वतःच गाडी चालवायचा त्यांनी पण केला होता आणि तो पुरा केला होता. अर्थातच उस्तादाकडून.

"सर, तुमच्या विभागाच्या व्याख्यानाला यंदा उस्तादांना बोलावू या," बाई म्हणाल्या.

सरांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कुणाला?"

"तुमच्या मेव्हण्यांना. भीतीबद्दल बोलतील, मनाबद्दल बोलतील. मी महिनाभर त्यांच्या शेजारी बसलेय, सर. काय समजावतात! पोरांनाही फार आवडतात ते. मी फोन करणारच होते, पण म्हटलं, घरचंच माणूस, तुम्हीच निरोप द्या. तुमच्याकडून गेलं म्हणजे मान राहील."

त्या व्याख्यानाला दर वर्षी बाहेरून कुणीतरी मोठा माणूस यायचा. बावीस वर्षांत सरांना कुणी 'तुम्हीच बोला' असं म्हणालं नव्हतं. ते पाहुण्यांची ओळख करून द्यायचे आणि हार हातात घेऊन उभे राहायचे.

"विचारतो," ते म्हणाले.

विचारलं नाही. बुधवारपर्यंत त्यांनी तो निरोप नुसता मनात ठेवला. या दोन दिवसांत ते स्वतःशी जे बोलत होते ते सगळं मोठं समंजस होतं. बिचारा उगीच फजित होईल. चार मोठ्या माणसांसमोर 'क्लच' आणि 'ब्रेक' करत बसेल, लोक हसतील, बायकोला वाईट वाटेल. त्याच्या भल्यासाठीच हे. शिवाय विषयाचं पावित्र्य म्हणूनही काही आहे. गुरुवारी ते प्राचार्यबाईंकडे गेले आणि म्हणाले, "नाही म्हणतोय तो. लाजाळू आहे. फार आग्रह केला मी, पण ऐकेना."

"अरेरे," बाई म्हणाल्या. "लाजाळू? वाटत नाहीत."

"घरी वेगळा आहे तो," सर म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि पायऱ्या उतरेपर्यंत तो हलकेपणा उतरूनही गेला.

रविवारी सकाळी उस्ताद गाडी घेऊन दारात आला. मुलीची लायसन्सची परीक्षा दोन दिवसांवर होती आणि हा तिचा शेवटचा धडा होता.

"भाऊजी, चला ना तुम्ही पण," त्याने खिडकीतून हाक मारली. "परीक्षेच्या वेळी मागे साहेब बसतो. तिला सवय व्हायला पाहिजे मागे कुणी असण्याची."

सरांना जायचं नव्हतं. पण मुलीने 'नको' म्हणायला तोंड उघडलेलं त्यांना दिसलं आणि मग ते गेले.

मागच्या सीटवर बसून त्यांनी पहिल्यांदाच तो दुसरा ब्रेक बघितला. उस्तादाच्या पायाशी, डाव्या बाजूला, एक जास्तीचा क्लच आणि एक जास्तीचा ब्रेक होता. त्याने पाय त्याच्याजवळ ठेवला होता, पण वर ठेवला नव्हता. हात मांडीवर सैल. मुलीने आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि गाडी सुरेख रस्त्याला लागली.

सरांनी काहीही करायचं नाही असं ठरवलं होतं. पण दुधाची गाडी समोरून आली तेव्हा त्यांच्या तोंडून 'च्' असा आवाज निघाला. वळणावर सायकलवाला आला तेव्हा त्यांनी श्वास आत ओढला, एवढाच. पण आरशात मुलीचे डोळे त्यांच्याकडे वळले आणि परत रस्त्यावर गेले. चढावरच्या चौकात सिग्नल लागला. हिरवा झाला आणि गाडी बंद पडली. तिने किल्ली फिरवली. गाडी हिसका देऊन पुन्हा बंद पडली आणि हातभर मागे घसरली. मागून हॉर्न वाजायला लागले.

"अगं, हाफ क्लच! शिकवलं नाही का तुला?" सर म्हणाले. त्यांना स्वतःला गाडी येत नव्हती.

मुलीचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले. ती काही करेना. हिरव्याचा लाल झाला, लालचा परत हिरवा झाला, ती नुसती समोर बघत बसली. उस्तादाने शांतपणे ब्रेक दाबून धरला, हात बाहेर काढून मागच्यांना 'जा पुढे' अशी खूण केली आणि मागे वळून म्हणाला, "भाऊजी, तो समोर चहाचा स्टॉल आहे ना, तिथे जरा उतरता का? दहा मिनिटांत येतो आम्ही."

आवाजात राग नव्हता. तुच्छताही नव्हती. असती तर सरांना भांडता आलं असतं. ते मुकाट्याने उतरले. दार लावेपर्यंत मेव्हणा मुलीला काहीतरी हळूच म्हणाला आणि ती, डोळ्यांत पाणी असताना, हसली. सिग्नल हिरवा झाला. गाडी त्या चढावरून अशी उचलली गेली, जसा कुणी ताटलीतून पाण्याने भरलेला पेला उचलावा. वळण घेऊन दिसेनाशी झाली.

सर फुटपाथवर उभे राहिले. चहा मागवायचंही त्यांना सुचलं नाही. त्यांच्या अंगाचा नुसता जळफळाट होत होता. ती आपली मुलगी. तिला अंकलिपी आपण शिकवली. तापात रात्र रात्र आपण जागलो. आणि तिला हसवलं त्याने, आपल्याला गाडीतून उतरवून. त्यांच्या मनात आलं, आता ही गाडी कुठेतरी खांबाला धडकू दे. फार नाही, जरा पत्रा चेपू दे. म्हणजे कळेल उस्तादी.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की गाडीत आपलीच मुलगी आहे.

ते स्टॉलच्या बाकावर बसले. एवढी वर्षं ते फळ्यावर तीन खाने आखून शिकवत होते, पण खालच्या, इदमच्या खान्यातून असं काहीतरी प्रत्यक्ष वर येताना त्यांनी कधी बघितलं नव्हतं. त्याला आपलं लेकरू कळत नव्हतं, कुणीच कळत नव्हतं. त्याला फक्त पाहिजे होतं.

गाडी परत आली. मुलीने ती दोन गाड्यांच्या मधल्या जागेत एका दमात मागे घेऊन लावली आणि आत बसून राहिली. उस्ताद उतरून आला, दोन चहा सांगितले आणि सरांच्या शेजारी बसला.

"रागावू नका, भाऊजी. पोरीचा हात मस्त आहे. फक्त मागे तुम्ही असलात की ती तुमची परीक्षा देते, रस्त्याची नाही."

सर बाकावर जरा बाजूला सरकले.

"तुमच्या त्या नोट्स तिने वाचल्या ना मला," तो पुढे म्हणाला, "त्यातलं एक मला पटलं नाही. विचारू का? तुम्ही तो पराहम् फार सज्जन दाखवलाय. चांगलं-वाईट सांगणारा. मला पंधरा वर्षांत उलटंच दिसलं. पाय दाबणारी पोरं येतात माझ्याकडे, त्यांना आवरता येतं. चार धडे, की सुधारतात. पण ज्याच्या डोक्यात बाप बसलाय ना ओरडणारा, तो हिरव्यालासुद्धा थांबतो. मधोमध. अपघात तो जास्त करतो, भाऊजी. नियम सगळे पाठ असतात त्याला."

चहा आला. सरांनी कप हातात घेतला, पण ओठाला लावला नाही. हे त्यांनी वाचलं होतं. पंचविशीत असताना, वाचनालयाच्या तळघरातल्या जाड ग्रंथात, रात्री न जेवता वाचलं होतं: पराहम् कसा निर्दय होऊ शकतो, इदम् इतकाच आंधळा, कसा तो आईबापांच्या आवाजाने बनतो आणि स्वतःच्याच माणसाला छळतो, आणि मधल्या बिचाऱ्याला इच्छेची, नीतीची आणि बाहेरच्या जगाची अशी तिघांची चाकरी एकदम करावी लागते. तेव्हा ते हलून गेले होते. मग नोकरी लागली. परीक्षेत एवढं खोल कुणी विचारत नसे. त्यांनी नोट्समध्ये बेकरी घातली आणि बाकीचं सोडून दिलं. आणि आता तेच एक नापास पोरगा गाडी चालवून चालवून शोधून घेऊन आला होता.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. शब्द दगडासारखे पडले.

उस्तादाने चहाचा घोट घेतला. जरा घुटमळला. "आणि एक. प्राचार्यबाई भेटल्या होत्या शुक्रवारी, पेट्रोल पंपावर. म्हणाल्या, तुम्ही नाही म्हणालात, वाईट वाटलं."

सरांच्या कानशिलातून वाफ निघाल्यासारखं झालं.

"मी म्हटलं, हो, नाही जमणार मला. भाऊजी विचारत होते, पण मीच नको म्हटलं." तो सरांकडे न बघता रस्त्याकडे बघत होता. "ताईला काही बोललो नाही. पोरीलाही नाही."

कुणी आपली चोरी पकडून वर ती झाकूनही ठेवावी, याच्याइतकी जिव्हारी लागणारी गोष्ट दुसरी नाही. सरांना आभार मानायचे होते. त्याऐवजी त्यांना त्या माणसाचा असा हेवा वाटला, असा हेवा वाटला, की डोळ्यांत पाणी आलं. गाड्यांचा नाही, शिष्यांचा नाही, मुलीच्या हसण्याचाही नाही. हा माणूस दुसऱ्याच्या पायाजवळ ब्रेक घेऊन बसतो आणि गरज नसेल तर दाबत नाही, याचा.

"का झाकलंस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही मला दोन वर्षं जेवू घातलंत, भाऊजी. आणि दोन वर्षं रोज संध्याकाळी शिकवलंत. मी झोपायचो, तो माझा दोष." तो हसला. "शिवाय मला खरंच भीती वाटते हो स्टेजची. तुम्ही अगदीच खोटं नाही बोललात."

सोमवारी सर वर्गात गेले आणि चाचणीच्या उत्तरपत्रिका परत गोळा केल्या. पोरं एकमेकांकडे बघू लागली. सरांनी नोट्सची फाइल टेबलावर ठेवली, पण उघडली नाही.

"एक माणूस आहे," ते म्हणाले. "शिक्षक समजा. त्याला एक निरोप पोचवायचा होता, ज्याच्यामुळे दुसऱ्या एकाचा मान होणार होता. त्याने तो पोचवला नाही. वर खोटं बोलला की तोच नको म्हणतो. आता सांगा, खोटं कोण बोललं? इदम्, अहम् की पराहम्?"

"इदम्," पुढच्या बाकावरून लगेच उत्तर आलं.

"इदमला बोलता येत नाही. त्याला फक्त जळता येतं. पुढे?"

"अहम्," कुणीतरी म्हणालं. "त्याने मार्ग काढला."

"सही अहमने केली. बरोबर. पण कागद कुणी लिहिला?"

सरांनी खडू उचलला आणि परत ठेवला.

"त्या माणसाला दोन दिवस एकदाही वाटलं नाही की आपण जळतोय. त्याला वाटलं, आपण शिस्त पाळतोय. विषयाचं पावित्र्य राखतोय. दुसऱ्याचं भलं करतोय. म्हणजे इदमने पराहमचा कोट घातला होता, आणि अंगाला इतका नेमका बसला होता की आरशात बघूनही ओळखू येईना. मी तुम्हाला आजवर सांगत आलो की खालचा वाईट, वरचा चांगला. ते चूक होतं. अर्धं चूक म्हणा. खालच्यात जीव असतो आणि वरच्यात विष असू शकतं. दोघं संगनमतही करतात."

"मग त्या माणसाने करायचं काय, सर?" एका मुलीने विचारलं.

"मला माहीत नाही," सर म्हणाले. हे वाक्य त्यांनी वर्गात पहिल्यांदाच उच्चारलं असावं. "ओळखायचं, एवढं तर करता येईल. ओळखल्यावर जळणं थांबतं असं मात्र समजू नका."

तिसऱ्या बाकावर मुलगी खाली मान घालून पेनाचं टोपण काढत होती, लावत होती. तिला कळलं होतं की नाही, हे त्यांना तिच्या केसांवरून ओळखता येईना.

तास संपल्यावर ते थेट प्राचार्यबाईंच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे तुम्ही का सांगताय मला? उस्तादांनी तर..."

"त्याने मला वाचवलं. मला ते सहन होत नाहीये," सर म्हणाले. बाईंनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाल्या, "बरं. आता खरंच विचारा त्यांना." क्षमा केली असं म्हणाल्या नाहीत. नंतरही बरेच महिने त्या सरांशी नेमकं कामापुरतंच बोलत.

त्या अकरा जणांना सरांनी दहापैकी नऊ गुण दिले. मुलीला देताना आठ द्यावेत की नऊ, यावर ते दहा मिनिटं अडले आणि शेवटी नऊ दिले. घरी बायकोला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. तिने सगळं ऐकून घेतलं. उठून गॅलरीत गेली, दोरीवरचे कपडे काढले, घड्या घातल्या. सगळ्या झाल्यावर म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही त्याला मनापासून लहान समजता. आता कळलं, मोठा समजत होतात."

तीन आठवड्यांनी उस्ताद कॉलेजच्या हॉलमध्ये बोलला. इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि सुरुवातीला आवाज कापत होता. मग त्याने समोर बघितलं, टेबलावरचा माइक बाजूला सारला आणि एका खुर्चीवर ड्रायव्हिंग शिकवायला बसतो तसा बसला. त्याने एका शिक्षिकेची गोष्ट सांगितली जिला उजवीकडे वळायची भीती वाटायची आणि जी वर्षभर गावात डावीकडूनच फिरत राहिली. हॉल हसून हसून लोळला, आणि मग त्या बाईला भीती कुठून आली हे त्याने सांगितलं तेव्हा टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. जागा मिळाली नाही म्हणून पोरं खिडकीत बसली होती. बावीस वर्षांत त्या हॉलच्या खिडकीत कुणी बसलं नव्हतं.

सर पहिल्या रांगेत होते. ओळख त्यांनीच करून दिली होती आणि चांगली करून दिली होती. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला मुलगी. मधेच केव्हातरी मुलीने, नजर स्टेजवरच ठेवून, त्यांच्या बाहीला लागलेला खडू झटकला. तेवढंच.

व्याख्यान संपलं. टाळ्या सुरू झाल्या. सर उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले, जोरात, आणखी जोरात. आजूबाजूचे थांबले तरी ते वाजवतच राहिले. मग त्यांना एकदम उमजलं की मनात जे आहे त्याच्या बरोबर उलट, आणि गरजेपेक्षा जास्त, माणूस करतो तेव्हा त्याला शास्त्रात काय म्हणतात. 'प्रतिक्रिया-निर्मिती': प्रकरण सातवं, पान एकशे चौदा.

"अहो, पुरे," बायको हळूच म्हणाली. "हात दुखतील."

"हात नाही दुखत," सर म्हणाले, आणि खाली बसले.